तुला आवडेल अशी एक साईट

अड्याळ
१४ जुलै २०२५

चि. गुंजन हिस अनेक आशीर्वाद.

पाकिटावर तुझ्या सासूबाईंचं, मंगलाबाईंचं, नाव पाहून दचकू नकोस. मुद्दाम घातलं आहे. आमच्या काळी नव्या सुनेच्या नावानं थेट पत्र टाकायची पद्धत नव्हती. पाकीट घरातल्या मोठ्या बाईच्या नावानं जायचं, ती उघडायची, आणि आतला कागद सुनेच्या हातात द्यायची. माझ्या आईची पत्रं मला अशीच मिळत. सगळं उजेडात, म्हणून कोणाला संशय नाही. तेव्हा मंगलाबाई, तुम्ही हे वाचत असाल तर खुशाल वाचा, आणि वाचून झालं की तिला द्या.

तुझ्या लग्नात त्यांनी मला बाजूला घेतलं होतं. म्हणाल्या, "बाई, तुमी तिले आतापावतर सांभाळलं, देव तुमचं भलं करो. पण आता तिचा नवा संसार होय. जुन्या घरचे फोन येत राहिले तं तिचं मन इथं लागनार नाही." मी फोन करणार नाही असा शब्द दिला आणि तो पाळला आहे. पत्राचा विषय तेव्हा निघाला नव्हता, हे मात्र त्यांनीही कबूल करावं.

बाईचं म्हणणं चूक नाही. माझा अंकुर गेल्यावरही तू सून म्हणून माझ्यापाशी राहिलीस, पण तुझं वय बघून सिहोऱ्याचं स्थळ मीच शोधलं. मुलगा शांत, घरी धान, अंगणात विहीर. लग्नही मीच लावून दिलं. तेव्हा मला तक्रार करायला जागाच नाही. पण माणसाला तक्रार नसली तरी आठवण असते.

आता लिहायचं काय हा प्रश्न आला. चारचौघांत वाचलं जाणारं पत्र. घरचं लिहावं तर जुनं उकरून काढल्यासारखं होणार. अंकुरचं नाव काढायचं नाही असं ठरवून बसले होते, ते वरच मोडलं. मग सुचलं, आपण साईटबद्दल लिहू. त्याला कोण काय म्हणणार? आणि हे सगळं शिकवलं तर तूच. टाळेबंदीत माग बंद पडला होता, सूत येत नव्हतं, तेव्हा तू मला अंकुरच्या कॉम्प्युटरसमोर बसवलंस. खुर्चीत बसल्याबरोबर माझे पाय खाली मागाची पावडी शोधायला लागले, तर तुम्ही दोघं हसून हसून भिंतीला टेकलात.

तर आजची साईट. 'रेडिओ गार्डन' असं टाक. पृथ्वीचा गोल येतो, त्यावर हिरवे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे कुठल्या तरी गावचा रेडिओ. गोल फिरवायचा, ठिपक्यावर बोट ठेवायचं, की तिथं या घटकेला जे चालू असेल ते ऐकू येतं. मी दुपारी जेवण झालं की लावते. परवा आईसलँड नावाच्या थंड देशातल्या दोन बाया बोलत होत्या. मला एक अक्षर कळलं नाही, पण त्या सारख्या हसत होत्या, तर मीही एकटीच हसले. घरात हसण्याचा आवाज झाला की बरं वाटतं, मग तो कुठलाही असो.

तूही दुपारी तोच ठिपका लाव. दोघींच्या कानात एकाच वेळी एकच आवाज पडेल. एवढंच मनात आहे.

उत्तर टाक. नाही टाकलंस तरी राग नाही, असं लिहिते आहे, पण येईल.

तुझी
दुर्गाबाई


अड्याळ
३ ऑगस्ट २०२५

चि. गुंजन हिस आशीर्वाद.

उत्तर नाही. पोस्टमन परसराम आता मला दारात पाहिलं की गाडीवरूनच हात हलवून 'नाही' म्हणतो, थांबतसुद्धा नाही. मी त्याला म्हटलं, "बापा, एकडाव थांबून तं नाही म्हन." तर काल थांबला आणि नाही म्हणाला.

तुमच्याकडे रोवणी चालू असणार. आपण विणणाऱ्या घरच्या बाया, दिवसभर चिखलात वाकून रोपं लावायची सवय आपल्याला कुठली. कंबर धरली असेल तर संध्याकाळी गरम पाण्यानं शेक घे. पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या तर हळद-तेल लाव, आणि नाही झाल्या म्हणून खोटं बोलू नकोस. तुझं खोटं मला इथूनही कळतं.

या वेळची साईट मौजेची नाही, कामाची आहे. वीज कुठे पडते आहे ते दाखवते. शोधताना 'लाईव्ह लाइटनिंग मॅप' टाक. नकाशावर ठिपके उमटतात, ताजी वीज उजळ, आधी पडलेली फिकट. धानाच्या बांधीत उघड्यावर काम करणाऱ्यांनी ती घडोघडी पाहावी. ठिपके आपल्या बाजूला सरकताना दिसले की सगळ्यांनी बांधीतून निघायचं आणि घर गाठायचं, झाडाखाली जायचं नाही. मी आधी सिहोरा पाहते, मग अड्याळ.

गेल्या आठवड्यात तुमसरच्या बाजूला, तुमच्याकडेच, ठिपकेच ठिपके झाले. तू घरात आहेस की बांधीत, काही कळेना. तुझा नंबर माझ्याकडे आहे. बोट नंबरापर्यंत नेलं आणि शब्द दिला होता म्हणून मागं घेतलं. दिवे लागेपर्यंत तशीच पडद्यासमोर बसून होते. त्या दिवशी मला मंगलाबाईंचा पहिल्यांदा राग आला. मंगलाबाई, वाचत असाल तर सांगते, तो आता गेला आहे. बराचसा.

दुसरी साईट तुला ठाऊकच आहे, वरून फोटो काढलेला नकाशा. त्यात मी तुमचं घर शोधलं. स्थळ बघायला आले होते तेव्हा अंगणातली विहीर आणि मागचं मोहाचं झाड मनात धरून ठेवलं होतं. तेवढ्यावरून सापडलं असं मला वाटतं. छपरावर निळा पत्रा आहे का? असेल तर तेच. फोटो केव्हाचा आहे देव जाणे, तू त्या घरात गेलीस त्याच्या आधीचासुद्धा असेल. तरी रोज एकदा उघडते. अड्याळ आणि सिहोरा एकाच जिल्ह्यात, पडद्यावर बोट जरा सरकवलं की मी तुमच्या अंगणात. खरोखर यायचं तर मात्र कोणत्या तोंडानं यायचं ते कळत नाही.

धुरपता येऊन गेली. लग्न होऊन लाखनीला गेली त्याला जन्म लोटला, पण माझ्यावरचा नणंदपणा काही उतरला नाही. मी पाकिटाला डिंक लावत होते. तिनं नाव वाचलं आणि सुरू झाली.

"काहून कागद काळे करून राहिली वो वहिनी? ते पोरगी आता दुसऱ्याची होय."

"मले मालूम आहे. मीच देली तिले."

"मंग? घर विकून टाक अना लाखनीले ये माह्यापाशी. रोडवरचं घर होय. दिवसभर ट्रका पाहात बसशील, करमून जाईल."

"ट्रका पाहाले मी काय नाक्यावरचा शिपाई होय?"

ती रागावली, मग चहा प्यायली, मग जाताना पुन्हा तेच म्हणाली. तिचाही जीव एकटा आहे, तिलाही कोणी तरी हवं आहे. मी दिवाळीनंतर बघू म्हटलं. तू मनाला लावून घेऊ नकोस, बोलायची गोष्ट होती म्हणून लिहिली.

तुझी
दुर्गाबाई


अड्याळ
२६ ऑगस्ट २०२५

चि. गुंजन हिस आशीर्वाद.

पोळा झाला, तान्हा पोळाही झाला. आळीतली पोरं लाकडी बैल घेऊन दारात आली, बोजाऱ्याच्या पैशांसाठी हात पसरून उभी राहिली. मी सुट्टे पैसे विसरले होते, तर प्रत्येकाला एकेक करंजी दिली आणि पोरं तोंड वाकडं करून गेली. तू असतीस तर आदल्या दिवशीच सुट्टे आणून ठेवले असतेस.

या पत्रात जी साईट सांगते आहे ती नीट वाच, दोनदा वाच. तुकडे जोडून चित्र पुरं करायची साईट आहे. अशा पुष्कळ असतात, पण हिच्यात दोन गोष्टी निराळ्या. एक, चित्र आपण आपलं टाकू शकतो. दुसरी, एकच चित्र दोन माणसं दोन गावांहून जोडू शकतात. लिंक दोघांकडे असली की झालं. मी लावलेला तुकडा तुला दिसेल, तू लावलेला मला. लिंक वेगळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिली आहे, मोठं अक्षर कुठलं आणि बारीक कुठलं तेही बाजूला लिहिलं आहे.

चित्र कशाचं? आपल्या मागाचं. तू विणायला घेतलेलं जांभळं लुगडं अर्ध्यावर होतं, तसंच आहे. मी हात लावला नाही. विणून टाकायला मला काय वेळ लागणार होता? पण तुझ्या हाताचा ठोका निराळा, माझा निराळा, अर्ध्यातून कापड बदललेलं दिसलं असतं. फोटोत उजव्या हाताला कांड्या भरायचा चरखा आला आहे आणि त्याच्यापाशी तुझं बसायचं पोतं. फोटो काढताना तेवढं झाडून घ्यायला हवं होतं.

फोटो मीच काढला, मीच चढवला, कोणाला विचारलं नाही. दोनदा माझ्या अंगठ्याचाच फोटो गेला, ते सोड.

तर नियम ऐक. डावी बाजू मी जोडणार, उजवी तुझी. मी उजवीकडे हात लावणार नाही. तिथं रिकामं राहिलं तर राहिलं. तुला पत्र लिहायला सवड नसेल, किंवा लिहिणं बरं दिसत नसेल, तरी एक तुकडा लावायला कोणाची हरकत नसावी. मंगलाबाई, यात बोलणं नाही, फोन नाही, फक्त चित्र आहे. खेळच आहे.

सकाळी चहाच्या आधी मी ते उघडून पाहते. चहा नंतर.

तुझी
दुर्गाबाई


अड्याळ
२० सप्टेंबर २०२५

माझ्या गुंजीस खूप खूप आशीर्वाद.

उजवीकडे तुकडे लागले!

आधी वाटलं माझंच बोट चुकून तिकडे गेलं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागलेले. तिसऱ्या दिवशी चरख्याची मूठ पुरी झाली. मी उठून घरभर फिरून आले. कोणाला सांगावं तर घरात कोणी नाही, म्हणून परसरामला रस्त्यात थांबवून सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे पत्र आलं का?" मी म्हटलं, "पत्रापेक्षा भारी आलं." त्याला काही कळलं नाही, पण तोही हसला.

एक विचारते. तू पूर्वी अशी चित्रं जोडताना काठाचे तुकडे आधी वेगळे काढायचीस, चौकट बांधायचीस आणि मग आत शिरायचीस. इथं तू एकदम मधूनच सुरुवात केलीस. आणि एक तुकडा बसत नसला तरी तू तो तिथंच दाबून बघतेस, हे मला हलताना दिसतं. शेतकऱ्याच्या घरची सून झालीस, हात बदलला असेल. मी काही म्हणत नाही. परवा दोन तुकडे माझ्या डाव्या बाजूलाही लावलेस, दोन्ही चुकीचे. मी ते हलवले नाहीत. राहू देत तिथंच, मला ते आवडतात.

तू लिहीत नाहीस, तुकडे लावतेस. चालेल. माझी काही एक तक्रार नाही. आता मला दुपारी रेडिओ लावायचीही गरज पडत नाही. तू कधी लावशील म्हणून पडदा उघडा ठेवूनच तांदूळ निवडते. एखादा तुकडा सरकायला लागला की मी हातातलं काम टाकून बघते. तेवढा वेळ तू माझ्या समोर बसलेली असतेस.

या आनंदात एक साईट बक्षीस. आभाळातून जाणारं विमान कुठून कुठे चाललं आहे ते दाखवते. 'फ्लाइट रडार' असं टाक. आपल्या जिल्ह्यावरून मुंबई-कोलकाता अशी विमानं जातात. संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी मी अंगणात उभी राहते, वर रेघ दिसली की आत येऊन बघते कोण चाललं. त्यातली माणसं कोकाकोला पीत असतील, खाली दुर्गाबाई उभी आहे हे त्यांना काय ठाऊक. तू अंगणात उभी राहिलीस तर तुलाही एखादं दिसेल. मला दिसलेलंच दिसेल असं नाही, पण कधी तरी तेही होईल.

आणि मराठी विश्वकोशाची साईट कधी तरी उघड. कुठलाही शब्द टाकावा आणि वाचत बसावं. मी 'धान' वाचलं, तुझ्या घरी काय चालतं ते कळावं म्हणून. आता मला तुझ्या सासऱ्यांशीही चार गोष्टी बोलता येतील. बोलायची वेळ आली तर.

तुझी
दुर्गाबाई


अड्याळ
१२ ऑक्टोबर २०२५

चि. गुंजन हिस आशीर्वाद.

आज एकही साईट सांगणार नाही.

आपल्या गावची दिवाळीनंतरची जत्रा, मंडई, यंदा दोन नोव्हेंबरला, रविवारी आहे. दुपारी दंडारीचा नाचगाण्यांचा खेळ, रात्री नाटक. शिंगाड्याचे ढीग लागतील, ऊस येईल, घरोघरी पाहुणे भरतील. तुला सांगायला नको. अंकुर असताना पाहुण्यांना वाढून वाढून तुझा हात दुखायचा, आणि नाटक सुरू झालं की पहिल्या अंकातच तू माझ्या खांद्यावर झोपायचीस.

मंडईला कोण येतं? लेकी येतात, जावई येतात, नातवंडं येतात. सुना आपापल्या माहेरच्या मंडईला जातात. तुझ्या माहेरी कोणी उरलं नाही. मामांनी अंकुरशी तुझं लग्न लावून दिलं आणि त्यानंतर कधी 'ये' म्हटलं नाही. या दिवाळीनंतर सिहोऱ्याच्या सगळ्या सुना पिशव्या भरून निघतील आणि तू घर सांभाळायला मागे राहशील, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

म्हणून हे बोलावणं. तू आणि जावई, दोघं या. हो, मनिषरावांना मी जावई म्हटलं आहे. तू माझी लेक म्हणून ये. मंगलाबाई, तुम्हीही या. तुम्हाला आमच्याकडे काही कमी पडणार नाही.

धुरपताला सांगितलं, तर तिनं कपाळाला हात लावला.

"गेलेल्या सुनेले मंडईले कोन बोलावते वो?"

"गेलेली सून नोको म्हनू. लेक म्हन."

"लोक हासतीन."

"हासू दे. मंडईले लोक हासालेच येतेत."

ती हसली नाही. मग हळूच म्हणाली, "अना ते नाहीच आली तं?"

आता जे मागच्या पत्रांत आडवळणानं लिहिलं ते सरळ लिहिते. मंडई झाली की धुरपता घर बघायला एक गिऱ्हाईक घेऊन येणार आहे. मी हो म्हटलं आहे. माग कोणी नेत असेल तर नेऊ दे, नाही तर मोडून लाकूड होईल. एवढ्या खोल्या मी एकटीनं झाडायच्या त्या कोणासाठी? घराला येणारं माणूस लागतं. माझ्या घराला येऊ शकेल असं माणूस या जगात एकच आहे आणि ते तू आहेस. तू येणार असशील तर मी त्या गिऱ्हाईकाला चहासुद्धा विचारणार नाही. येणार नसशील, तुला नको असेल, तुझ्या घरच्यांना नको असेल, तर तेही कळव. तुकडे लावून नको, शब्दांत कळव. मी रडेन आणि लाखनीला जाईन. पण नुसतं वाट बघणं आता होत नाही.

मला तुझी फार आठवण येते. ही ओळ कोणीही वाचली तरी चालेल.

तुझी
दुर्गाबाई


सिहोरा
२६ ऑक्टोबर २०२५

श्रीमती दुर्गाबाई यांना मंगलाबाईचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. सातवी शिकले आहे, अक्षर समजून घ्यावे.

तुमची पत्रं मिळाली. सगळी मला मिळाली. पाकिटावर माझं नाव होतं म्हणून मी उघडली. पहिलं वाचलं आणि कोठीच्या मागे ठेवलं. तुम्ही लिहिलं होतं, वाचून तिला द्या. मी वाचलं, दिलं नाही. मला भीती वाटली. आमचं घर फार दिवसांनी भरलं होतं. मनिषचं लग्न जमता जमत नव्हतं, दोन ठिकाणी मोडलं. ही आली, घरात दिवा लागल्यासारखं झालं. तिचं मन तुमच्याकडे ओढलं गेलं तर आमच्याजवळ नुसतं तिचं काम करणं राहील, असं मला वाटायचं. ती अड्याळचं नाव कधी काढत नव्हती. मी समजले, विसरली.

पण पत्र वाचायची मला सवय लागली. परसरामसारखा आमच्याकडेही पोस्टमन आहे, मी त्याची वाट बघायला लागले. विजेची साईट मनिषच्या जुन्या फोनमध्ये लावून घेतली. रोवणीत एका दिवशी ठिपके आमच्या अंगावर येताना दिसले, मी ओरडून सगळ्यांना बांधीतून काढलं. गुंजन म्हणाली, "आई, तुमाले कसं समजलं?" मी म्हटलं, "समजते मले." तुमचं नाव घेतलं नाही. तुमचं आईसलँडही ऐकलं. त्या बाया खरंच फार हसतात.

आता सांगते त्याचा तुम्हाला राग येईल. उजव्या बाजूचे तुकडे मी लावले. लिंक मनिषकडून टाकून घेतली, कशाची ते सांगितलं नाही. दुपारी घरात कोणी नसतं, सगळे शेतावर. पहिला तुकडा बसला तेव्हा मला फार बरं वाटलं, मग सोडवेना. काठाचे तुकडे आधी काढायचे असतात हे मला कोण सांगणार? तुमचं पुढचं पत्र आलं, त्यात तुम्ही माझ्या गुंजीस असं लिहिलं होतं. ते दोन चुकीचे तुकडे तुम्हाला आवडतात असं लिहिलं होतं. ते वाचून मी फोन पालथा ठेवला आणि किती तरी दिवस उघडला नाही.

गुंजनला दिवस गेले आहेत. तिला दवाखान्यात घेऊन गेले होते. नर्सबाई कागदावर लिहीत होती, तिनं विचारलं, "पहिली खेप होय. बाळंतपनाले माहेरी जानार का इथंच?" गुंजन म्हणाली, "माहेर नाही मले." येताना गाडीत तोंड फिरवून बसली होती. घरी आल्यावर भाकरी टाकता टाकता तिचे डोळे वाहत होते. मी विचारलं तर म्हणाली, धूर होय. गॅसवर कुठला आला धूर?

त्यानंतर तुमचं मंडईचं पत्र आलं. ते मी उभ्यानं वाचलं. मग फोन घेतला, ते चित्र काढलं आणि तिच्यासमोर धरलं. ती बघत राहिली.

"हे तं अड्याळचा माग होय. हे माहं पोतं होय. तुमच्या फोनमंदी कसा आला?"

मी कोठीमागून सगळी पत्रं काढून तिच्या मांडीवर ठेवली. ती अंगणात विहिरीपाशी जाऊन बसली, एकेक वाचत. भात करपला. ती उठली नाही, मीही उठले नाही. संध्याकाळी ती माझ्यापाशी आली. मला वाटलं आता भांडेल, भांडली असती तर बरंच झालं असतं.

"तुमी मले सांगाले पायजे होतं," ती म्हणाली.

"हो. पायजे होतं."

मग ती माझ्या बाजूला बसली आणि मी दाबून बसवलेले तुकडे एकेक काढून नीट लावायला लागली. मधात म्हणाली, "अड्याळच्या आईनं हे दोन चुकीचे काहून ठेवले असतीन?" मी म्हटलं, "तू लावले समजून ठेवले." तेव्हा ती मोठ्यानं रडली. माझ्या घरात आल्यापासून ती मोठ्यानं रडली नव्हती आणि मोठ्यानं हसलीही नव्हती, हे मला त्या दिवशी समजलं. रात्री जेवताना मात्र तिनं तुमच्या अंगठ्याचा फोटो निघाल्याची गोष्ट मनिषला सांगितली आणि खूप हसली.

मंडईचं मी मनिषशी बोलले. तो म्हणाला, "त्यात काय, मी नेऊन देतो." मी नाही म्हटलं. आमच्या घरची रीत आहे. सून माहेरी निघते तेव्हा माहेरचं माणूस घ्यायला येतं. घरी येतं, जेवतं, मग तिला घेऊन जातं. कोणी आल्याबिगर आम्ही सून धाडत नाही. मलाही माझ्या सासूनं कधी एकटं धाडलं नव्हतं, माझा भाऊ यायचा, मग मी निघायची. गुंजनला घ्यायला आजपर्यंत कोणी आलं नाही.

म्हणून तुम्हालाच यावं लागेल. शुक्रवारी या. पुढच्या दारानं या. जेवण इथं होईल, मुक्काम इथं होईल, शनिवारी तिला घेऊन जा. तिला जास्त हादरे बसू नयेत म्हणून मनिष चांगली गाडी सांगून ठेवतो आहे. तो आणि मी रविवारी मंडईला येतो. तिला पुढे आठ दिवस ठेवून घ्या. तिला सध्या भाताचा वास सहन होत नाही, ज्वारीची भाकरी चालते. बाळंतपणाच्या वेळी तुम्ही पुन्हा घ्यायला या. म्हणून घराचं जे काही ठरवलं असेल ते मोडून टाका, बाळंतीण काय लाखनीच्या रोडवर ठेवणार?

गुंजन तुम्हाला स्वतः पत्र लिहायला बसली होती. मी म्हटलं, नोको लिहू, ते येऊन राहिल्या, तोंडानंच सांग.

आपली विहीण
मंगला